मास्तरांच्या पिशवीतला कोयता

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. डोक्याचा वापर मी तेव्हापासूनच कमी ठेवला असं माझी नातवंडं म्हणतात, आणि ही हकिगत वाचून तुम्हीही तेच म्हणाल.

रनाळ्याला माहेरी माझ्या पायांना मोठा भाव होता. शेतात ओझं उचलताना कुणाच्या कमरेत उसण भरली की तो वाकडा वाकडा आमच्या ओट्याशी यायचा, पालथा पडायचा, आणि मी डाव्या पायाने त्याच्या कमरेवर लाथ मारायची. मग गूळ मिळायचा, शेंगा मिळायच्या, कधी खारीक. गावातल्या भल्याभल्या मिशीवाल्यांना मी परकर नेसायच्या वयातच लाथा मारून ठेवल्या होत्या. त्यामुळे सुनेच्या अंगी असावा तेवढा धाक माझ्यात पुढे कधी मुरलाच नाही.

लग्न ठरलं तेव्हा मात्र मायने मला चुलीपाशी बसवून बजावलं की सासरी जीभ आवर, पायाळू आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि धनावर जो कुणी राखणीला बसलेला असतो तो फुकट काही देत नाही. जो धन दाखवतो त्याचंच रक्त तो आधी मागतो. कुठल्याशा गावची एक पायाळू सून अशीच देवदर्शनाला म्हणून नेली होती, आणि परत आली ती नुसती तिची जोडवी. कुठलं गाव, कुणाची सून, हे मायला सांगता आलं नाही आणि मीही विचारलं नाही. जोडवी परत आली म्हणजे गोष्ट खरीच असणार, एवढी माझी अक्कल.

सासर म्हसावदचं. घर मोठं, शेती मोठी, आणि घरावर राज्य सासूचं. तिला सगळे जिजी म्हणत, म्हणून मीही जिजी म्हणायची. जिजीचा नियम असा की सुनेने ओट्याच्या पायरीखाली उतरायचं ते पाण्याला नाहीतर शेताला. लग्नाला वर्ष होत आलं तरी मी शहाद्याचा बाजार पाहिला नव्हता. सारंगखेड्याची यात्रा आली आणि गेली. घरचे पुरुष घोडे पाहून आले, महिनाभर घोड्यांचंच बोलत राहिले, आणि मी भाकरी थापत ऐकत राहिले.

आणि अशी ही जिजी एका सकाळी मला म्हणाली, "गोमाईकाठनी पडकी देवळं पाहाले जाई ऱ्हायनूत आम्ही बाया. तू बी चाल."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जिला सून खिडकीशी उभी राहिलेली खपत नाही ती सुनेला देवळं दाखवायला नेते? तीही पडकी?

शंकेला खतपाणी घातलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे जिजीच्या माहेरगावचे, तिचे मानलेले भाऊ. म्हसावदच्याच शाळेतून निवृत्त झाले होते; माझा नवराही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पूर्वी कधीतरी एक गोरा साहेब ती देवळं मोजायला आला होता. तेव्हा फितीचं दुसरं टोक मास्तरांनी धरलं होतं, आणि तेवढ्यावर ते त्या दगडांचे जाणकार झाले होते. कुणी पाहुणे आले, कुणी सावकार आला, की मास्तर काठी घेऊन देवळं दाखवायला निघत. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर जिजीशी हलक्या आवाजात बोलत बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसलं नाही; पण त्यांचं बोलणं मी जवळ येताच थांबलं. आणि परत फिरताना पदराच्या फटीतून पाहिलं तर मास्तर माझ्या पायांकडे बघत होते. चांगलं निरखून, बाजारात बैलाचे खूर पाहावेत तसं.

त्यांचा एक हात पाठीमागे कमरेशी होता. बोलताना तिथे, उठताना तिथे, चालतानाही तिथेच. कमरेला काय लपवलं असेल याचा मी रात्रभर विचार केला. कमरेत कमरच असू शकते हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या, जुंपल्या. शहाद्याच्या एका मारवाडी पेढीची शेठाणी तिच्या घरच्या बायकांना घेऊन निघाली होती, तिची दमणी पुढे. तिला कुणीतरी सांगितलं होतं की त्या पडक्या देवळांत एक मूर्ती आहे ती त्यांच्या जैन धर्माची आहे. मागच्या दोन गाड्यांत आमच्या गल्लीतल्या बाया. मास्तर आमच्या गाडीत, गाडीवानाशेजारी. त्यांची कापडी पिशवी नेमकी माझ्या गुडघ्याशी ठेवली होती. गोमाई नदी ओलांडताना गाडी कलली, पिशवी उलटली, आणि आतून घरंगळत बाहेर आले एक नारळ, दोन लिंबं, हळदकुंकवाची पुडी आणि फडक्यात गुंडाळलेला कोयता.

मी कोयत्याकडे पाहिलं. जिजीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळं सामान परत पिशवीत भरलं आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

आता सांगा, नारळ, लिंबं, कुंकू आणि कोयता पाहून कुणालाही काय वाटेल? निदान मला तरी मायची गोष्ट आठवली. पायांतली जोडवी मी बोटाने चाचपून पाहिली. नवीन होती, घट्ट बसलेली. काढायचीच म्हटली तर साबण लागला असता.

देवळं बघण्यासारखी होती असं सगळे म्हणतात. मी पाहिली ती पदराखालून, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. खांबांच्या बैठका पाहिल्या, उंबऱ्यावर कोरलेली तोंडं पाहिली, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले काळे दगड पाहिले, आणि पुढे चालणाऱ्या बायांच्या टाचा पाहिल्या. कळस होता की नव्हता हे मला आजही सांगता येणार नाही. आजूबाजूला बाभळीचं रान माजलेलं, पायाखाली जुन्या गावाची पांढरी माती आणि खापऱ्यांचा चुरा. बाया घोळक्याने मास्तरांमागे चालायच्या, मास्तर थांबले की थांबायच्या, काठी जिकडे जाईल तिकडे माना वळवायच्या.

मास्तर शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत होते. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं आहे असं आधी म्हणाले. शेठाणीने विचारलं, पण साहेब तर म्हणे कुठल्या राजाने बांधलं म्हणतो? मास्तर म्हणाले, तेही बरोबर आहे. मग हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या एका मूर्तीपाशी नेलं. शेठाणी कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं की हे आमचे भगवान ना? मास्तर म्हणाले, निःसंशय. शेठाणी पुढे सरकली, तशी जिजी म्हणाली, भाऊ, हा विष्णू शे ना? मास्तर म्हणाले, निःसंशय.

मी दोन्ही ऐकलं. मनाशी म्हटलं, हा माणूस दगडाच्या देवाबद्दल एका दमात दोनदा खोटं बोलतो, तो माझ्यासारख्या जिवंत सुनेचं काय करील?

आणि मग ते बोलणं कानावर आलं. बाया मंडपात दगडी कासवाला हळदकुंकू वाहत होत्या. मी खांबाआड होते. पलीकडे मास्तर आणि जिजी. जिजीचा आवाज, दबका: "देऊळना मांगे लई येसू तिले. तिले आधी काही सांगानं नई, भिई जाई." मास्तर काहीतरी पुटपुटले. कुणी पाहिलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच मला कळलं. त्यावर जिजी म्हणाली, "कोन पाही? बायास्ले नदीवर धाडी देसू."

माझे हातपाय गार पडले. त्यातल्या त्यात पाय.

पळून जावं तर रनाळं कुठल्या दिशेला हे मला ठाऊक नव्हतं. ओरडावं तर सासूविरुद्ध ओरडणाऱ्या सुनेचं कोण ऐकतं? मी विचार केला, आणि माझ्या त्या वेळच्या मेंदूला जो उपाय सुचला त्याचा मला आजही अभिमान वाटतो. देवाला काय चालत नाही? विटाळ. बाहेरची बाई देवळात चालत नाही, नैवेद्याला चालत नाही, तर मग धनाच्या राखणदाराला तरी ती कशी चालेल? मी मंडपातून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जिजीला सांगितलं की मला कावळा शिवला.

बाया लगेच पदर सावरत चार हात मागे सरल्या. शेठाणीने तोंडाने च्च च्च केलं. मास्तरांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला, कारण घाबरून पदर मागे गेला होता. भर चौकात पागोटं उडालेल्या माणसासारखं त्यांचं तोंड उतरलं होतं. मी मनात म्हटलं, बघ, कसा बेत हुकला.

जिजी मात्र जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. एकत्र घरात कुठली सून कधी बाहेर बसली याचा हिशेब सासूच्या बोटांवर असतो. मी जिजीच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. आता मी तिच्यावर संशय घेत होते, आणि ती माझ्यावर.

मला देवळापासून लांब एका लिंबाखाली बसवलं. कुणीतरी वरून भाकरी आणि मिरचीचा ठेचा टाकला. मी लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसले, म्हणजे मागून कुणी येऊ नये, आणि तिथूनच पुढचं पाहिलं.

मास्तर पुन्हा देऊळ दाखवू लागले होते. जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली होती, अगदी खालच्या थराला. ती दाखवायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. बायांना वाटलं, इथे नमस्कार करायचा असतो. शेठाणी वाकली. तिची जाऊ वाकली. मग आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया ओळीने हत्तींपुढे वाकल्या. जोत्याशी नुसत्या पाठीच पाठी दिसत होत्या. थोड्या वेळाने बाया एकेक करून सरळ झाल्या. मास्तर झाले नाहीत.

जिजीने लगेच सूत्रं हातात घेतली. शेठाणीला म्हणाली, ऊन चढलं, तुम्ही सगळ्या नदीवर जाऊन दशम्या सोडा, मास्तरांना अजून पूजा करायची आहे. बाया गेल्या. मग मी पाहिलं, मास्तर तसेच दुमडलेले, एक हात गाडीवानाच्या खांद्यावर, देवळाच्या मागे चालले आहेत. गाडीवानाच्या दुसऱ्या हातात ती पिशवी. तो मध्येच थांबला, पिशवीतून कोयता काढला आणि मागच्या वाटेकडे वळला. खाट् खाट् आवाज येऊ लागला.

राखणदाराला विटाळ चालत असावा, असं माझ्या ध्यानात आलं.

मी उठले, पळत गाड्यांकडे गेले, आमच्या दमणीत शिरले आणि गोधडी अंगावर ओढून कडब्यात पडून राहिले. डोकं झाकलं, अंग झाकलं. पाय बाहेर राहिले. जन्माला आले तेव्हा पुढे होते, आता मागे राहिले. आणि अंग थरथरत असल्यामुळे पायांतल्या तोरड्या वाजत होत्या.

कुणीतरी माझा घोटा धरला.

"बाहेर ये," जिजी म्हणाली.

मी गोधडीतूनच सांगितलं की मला शिवू नका, मी बाहेरची आहे. तिने घोटा सोडला नाही. म्हणाली, "मी काय येडी शे का? आठ दिन नई व्हयनात तुले डोकावरथून न्हाईसन." आणि मग, "तुले कशानं भ्याव वाटी ऱ्हायनं ते सांग."

मी गोधडी खाली केली. तोंडावर कडबा, डोळ्यांत पाणी. एवढंच विचारता आलं: "कोयता कसाले आना?"

"कोयता?" जिजीला कळेना. मग म्हणाली, वाटेतल्या बाभळी तोडायला, दुसरं कशाला? मास्तर सरळ चालू शकत नाही, काट्यांतून त्याला मागे कसं नेणार? मग मी मायची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्यांत, जोडव्यांसकट. जिजी ऐकत होती. तिचं तोंड आधी कडक होतं, मग त्याच्या कडा हलू लागल्या, आणि मग ती दमणीच्या जुवाला धरून जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून हसत राहिली. मी लग्नानंतर तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्याचा मला अतिशय राग आला.

मग तिने खरं काय ते सांगितलं. मास्तरांची कमर पोळ्यापासून धरलेली. वैद्य झाले, शेक झाले, गुण नाही. बसून खायची सवय नाही, देवळं दाखवायची तर चालायला हवं, आणि धड चालता तर येत नाही. आणि घरात पायाळू सून असताना भाऊ वाकडा फिरतो हे जिजीला पाहवेना. पण गावात, आपल्या शिष्याच्या बायकोची लाथ मास्तरांनी खाल्ली, हे कळलं असतं तर अर्धा गाव त्यांच्या तोंडावर हसला असता. अर्ध्या गावाला त्यांनीच छड्या मारून शिकवलं होतं. म्हणून सगळी वरात इथे आणली. देवळं, शेठाणी, दशम्या, सारा थाट माझ्या एका लाथेसाठी. मला आधी सांगितलं असतं तर मी लाजेने नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

म्हणजे मला काहीतरी कारणासाठी फसवून आणलं हा माझा संशय शंभर टक्के खरा होता. फक्त कारण चुकलं होतं. हे मी आजही सगळ्यांना बजावून सांगते.

पायाळू असल्याचं तुम्हाला सांगितलं कुणी, असं मी विचारलं. जिजी म्हणाली, "तुन्ही मायनीच. सुपारी फुटनी त्याच दिन." कुणाला सांगू नकोस म्हणून मला बजावणारी माय स्वतः आधीच सांगून मोकळी झाली होती, का तर पायाळूवर वीज पडते म्हणतात, विजा चमकताना पोरीला अंगणात जाऊ देऊ नये, तेवढी काळजी घ्या म्हणून.

मास्तर मागच्या गाभाऱ्यात एका सपाट शिळेवर पालथे पडले होते. छप्पर अर्धं शाबूत, आत अंधार, वटवाघळांचा वास. मी आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, गुरूला लाथ मारायची म्हणून. त्यांनी शिळेत तोंड घालूनच आशीर्वाद दिला. मग म्हणाले, "मार पोरी, भीड धरू नकोस."

भीड मी धरलीच नाही. सकाळपासूनची सगळी भीती माझ्या डाव्या पायात उतरली होती. पहिल्या लाथेला मास्तरांची शुद्ध भाषा गेली आणि ते "वं माय वं" म्हणाले. दुसरीला कुठेतरी कट्ट झालं. तिसरी खरं तर लागत नव्हती, पण पिशवी उलटली तेव्हापासून माझ्या मनात होती, ती मी मारली. मास्तर उठून बसले, मग उभे राहिले, मग सरळ झाले, आणि मला कळलं की ते चांगले उंच गृहस्थ आहेत. कमर खरंच सुटली की चौथी लाथ नको म्हणून ते सरळ झाले, ते देव जाणे.

पण कावळ्याचं काय करायचं? तो तर मी सगळ्या बायांसमोर शिवून घेतला होता. खोटं होतं म्हणावं तर का बोललीस, हे सांगावं लागणार, आणि मग मास्तरांची कमर चव्हाट्यावर येणार. जिजीने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली की आता चार दिवस बस बाहेर.

बसले. गोठ्याजवळच्या पडवीत, गोधडी आणि तांब्या घेऊन, चार दिवस काहीएक न करता. पहाटे जिजी स्वतः जात्यावर बसायची, कारण दळण माझं असायचं. पाणी जिजी आणायची, भाकरी जिजी थापायची, आणि घरच्यांसमोर माझ्या पुढ्यात ताट लांबून सरकवताना माझ्याकडे असं बघायची की घास अडकावा. मी पोटभर जेवायची. मास्तरांनी गुळाची ढेप पाठवली, तीही तिने लांबूनच सरकवली.

शेवटच्या पहाटे घरचं कुणी उठलं नव्हतं. जात्याची घरघर मध्येच थांबली. जिजी खुंट्यावर हात ठेवून पडवीकडे बघत होती. म्हणाली, "खरं सांग. लाथ मारी तवय, शिळाखाले, काही दिसनं का तुले?"

मी गोधडीत उठून बसले. माझ्या अंगातून भीतीचा उरलासुरला अंश त्या क्षणी निघून गेला, आणि त्या जागी जे आलं ते आजतागायत गेलेलं नाही.

"दिसनं व्हतं काहीतरी," मी म्हटलं. "पन आंधारं व्हतं, जिजी."

जातं पुन्हा फिरू लागलं, पण हळू.

मला तिकडे पुन्हा कुणी नेलं नाही. जिजी मात्र पुढे दोनदा जाऊन आली, दर्शनाला म्हणून. दोन्ही वेळा पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं, आणि तो कोयता. बाभळी फार माजतात म्हणाली.